आजीच्या हनुवटीवरचा नॉइज

‘अपडेट अव्हेलेबल. इन्स्टॉल नाऊ?’

मित्रमैत्रिणींनो, सबमिशनच्या आठवड्यात रात्री साडेअकरा वाजता कॉम्प्युटरने हा प्रश्न विचारला तर त्याला कधीही ‘येस’ म्हणू नका. तुम्हाला हा सल्ला फुकट मिळतोय. मला तो चार रात्रींच्या झोपेला पडला.

आधीच सांगून टाकते, मी केजीपासून कॉन्व्हेंटची. मराठी बोलते फर्डं, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ बघून पोटात गोळा येतो. तेव्हा संपादकांनी माझ्या चुका खुशाल पुसाव्यात, फक्त फार पुसू नयेत. का ते पुढे कळेलच.

तर झालं असं. माझी आजी २०२४ च्या कार्तिकात गेली. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, वर्षश्राद्ध आलं तेव्हा बाबा म्हणाले, “आजीचा एक चांगला मोठा फोटो लावायचा. तू कॉम्प्युटरवर ते काय काय करतेस ना, तूच कर.” आता आजीचे फोटो किती? एक आधार कार्डावरचा, ज्यात कुणीही माणूस संशयित दिसतो. चार-पाच लग्नांतले ग्रुप फोटो, ज्यात आजी कायम कुणाच्या तरी फेट्यामागे. आणि एक खरा फोटो.

तो मे २०२३ मधला. ताईच्या हळदीच्या आदल्या रात्री वाईजवळच्या आमच्या गावी लाईट गेली होती. इन्व्हर्टरवरचा एक पिवळा बल्ब चालू होता. आजी हळद दळायला जात्यावर बसली होती. काकांनी नवीन कॅमेरा घेतला होता आणि तो कुणावर तरी चालवून बघायचा होता. त्यांनी हाक मारली, आजीने जात्याचा खुंटा धरून वर पाहिलं आणि काकांनी बटण दाबूनच धरलं. उजेड नव्हता म्हणून कॅमेऱ्याने आयएसओ थेट १२८०० वर नेला. फोटो झकास आला, फक्त त्यावर कुणीतरी मूठभर रंगीत रवा भिरकावल्यासारखं दिसत होतं.

हा रवा म्हणजेच नॉइज. ‘फोटोत कसला आवाज?’ असं आमच्या आईने विचारलं होतं, आणि खरं सांगू, प्रश्न बरोबर आहे. अंगणात दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवा आणि पावसाची भुरभुर येऊ द्या. दोन्हींत सारखे थेंब पडतात का? नाही. एकीत ९४ पडतील, दुसरीत १०७. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो, त्या थेंबाला फोटॉन म्हणायचं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अशा काही कोटी वाट्या मांडलेल्या असतात. सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० चा. म्हणजे १० टक्के. तेच भर उन्हात १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. म्हणून उन्हातला फोटो स्वच्छ आणि बल्बखालचा रवाळ. (हेच ते पॉइसन डिस्ट्रिब्युशन, जे एम-थ्रीला आपण ऑप्शनला टाकतो!) आणि आयएसओ वाढवला म्हणजे उजेड वाढत नाही बरं का. जेवढे थेंब आले तेवढेच, आपण फक्त त्यांना मोठ्या आवाजात मोजतो.

रवा रंगीत का, त्याचंही उत्तर आहे. सेन्सरच्या प्रत्येक वाटीवर एकाच रंगाची काच असते: निम्म्या वाट्यांवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर याचं १९७६ चं पेटंट आहे. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरायचे. शेजारीच चुकीचं सांगत असतील तर हिरवे-जांभळे ठिपके उठणारच. त्यात पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी, म्हणून निळ्या वाट्या सगळ्यात जास्त गोंधळ घालतात.

आजी असताना, २०२४ च्या उन्हाळ्यात, मी तो फोटो एका नॉइज घालवायच्या सॉफ्टवेअरमधून काढला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. फोटो छान साफ झाला, फॅमिली ग्रुपवर टाकला, बत्तीस जणांनी हात जोडले. आणि मी शहाणीने मोठी फाईल ठेवलीच नाही. ग्रुपवरची लहानशी कॉपी तेवढी राहिली. फ्रेम करायची होती १२ बाय १८ इंचाची. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. ग्रुपवरचा फोटो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नव्हता. म्हणजे काकांकडून मूळ रॉ फाईल आणून पुन्हा पहिल्यापासून.

सॉफ्टवेअर उघडलं. अपडेट अव्हेलेबल. मी म्हटलं, येस.

पहिली रात्र. फोटो साफ झाला, पण त्यात सहा-सात काळे चौकोन! आजीच्या खांद्यावर एक, जात्यावर दोन, जणू शब्दकोडं. मी आपल्या खानदानी पद्धतीने उपाय केले: बंद करून चालू केलं, पुन्हा बंद करून चालू केलं, रूममेटला शिव्या घातल्या. मग लॅबमधल्या सरांचं वाक्य आठवलं. सर्किट चालत नसलं की आम्ही एकदम तीन वायरी बदलतो, तेव्हा ते ओरडतात, “एका वेळी एकच गोष्ट बदल! नाहीतर चाललं तरी का चाललं ते कळणार नाही.” जर्नलच्या मागच्या पानावर ऑब्झर्वेशन टेबल आखलं. काय बदललं, काय झालं.

कॅशे पुसली. फरक शून्य. सेटिंग्ज मुळावर आणली. शून्य. मग ग्राफिक्स कार्ड बंद करून सगळं काम प्रोसेसरवर टाकलं. पन्नास सेकंदांचं काम सतरा मिनिटांत झालं, पण चौकोन गायब! म्हणजे फोटो शाबूत, सॉफ्टवेअरची अक्कलही शाबूत, भांडण होतं ते नवीन सॉफ्टवेअर आणि जुन्या ड्रायव्हरचं. हे सॉफ्टवेअर फोटोचे तुकडे पाडून एकेक तुकडा ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतं. जो तुकडा फसला तो काळा. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाकला, ब्राउझरचे चाळीस टॅब मिटले, आणि रात्री अडीच वाजता फोटो अखंड बाहेर आला. मी एकटीने टाळ्या वाजवल्या. रूममेटने उशी फेकली.

दुसऱ्या दिवशी फोटो बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला. “चांगला आलाय.” मग जरा थांबून, “पण आईसारखा वाटत नाही गं.”

मला राग आला. रात्रभर जागून हे ऐकायचं! फोटो शंभर टक्क्यांवर उघडला, आणि बघत राहिले. कातडी गुळगुळीत. सुरकुत्या पुसट. डोळे मात्र जरा जास्तच टवटवीत, साबणाच्या जाहिरातीतल्या आजीसारखे. आणि हनुवटी कोरी.

आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं. लहानपणी जत्रेत गोंदणाऱ्या बाईने गोंदलेलं, हिरवट निळे ठिपके, वयाबरोबर पसरून फिकट झालेले. मी एकदा विचारलं होतं, “दुखलं नाही का गं?” तर म्हणाली, “दुखलं की. पर दागिनं हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं बरुबर येतं.” आणि ते बरोबर येणारं गोंदण या अपडेटने एका झटक्यात पुसून टाकलं होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. गोंदण पुसणारी पहिली मीच. तिसरीत असताना आमच्या शाळेत ‘ग्रँडपेरेंट्स डे’ होता. दुसरीत एका मुलीने विचारलं होतं, “व्हॉट्स दॅट डर्ट ऑन युअर ग्रॅनीज फेस?” तो शब्द डोक्यात बसला होता. म्हणून त्या सकाळी मी आईची पावडर घेऊन आजीच्या हनुवटीवर थापली. आजी काही बोलली नाही. हनुवटी जरा पुढे करून बसली, मला नीट लावता यावी म्हणून. हॉलमध्ये उकडायला लागलं, तिने पदराने तोंड पुसलं, आणि ठिपके पुन्हा वर आले. आणि मी उठून मैत्रिणींच्या रांगेत जाऊन बसले.

आता सॉफ्टवेअरवर चिडायचा मला किती हक्क होता ते तुम्हीच ठरवा. पण चिडले, आणि कामाला लागले.

टेबलात नवीन ओळी. अपडेटनंतर ‘चेहरा सुधारा’ नावाचा एक पर्याय आपोआप चालू झाला होता. तो बंद केला, सुरकुत्या परत आल्या, जाहिरातीतली आजी गेली. गोंदण नाही आलं. मग सापडलं की ‘ऑटो’ने रंगीत नॉइज घालवायचा आकडा भलताच वर नेला होता. तो कमी केला. ठिपके दिसू लागले, पण त्यांच्याबरोबर शेजारचा रवाही.

हे असं का होतं ते आमच्या इमेज प्रोसेसिंगच्या इलेक्टिव्हमध्ये नुकतंच शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं. कुठलाही फिल्टर एक पैज लावत असतो. साधा ॲव्हरेजिंग फिल्टर म्हणतो, शेजारी सारखेच असणार. मीडियन फिल्टर म्हणतो, एकटाच वेगळा दिसणारा ठिपका खोटा असणार. १९९८ चा बायलॅटरल फिल्टर म्हणतो, कडा सांभाळा, बाकी सपाट करा. आणि आजचे न्यूरल नेटवर्कवाले लाखो फोटो बघून शिकतात की चेहरा ‘असा असा’ असतो. त्या लाखोंमध्ये हनुवटीवर गोंदलेल्या आज्या किती होत्या, कंपनीलाच ठाऊक. फिकट, लहान, हिरवट, इकडेतिकडे पसरलेले ठिपके... रंगीत नॉइजची व्याख्या लिहा म्हटलं तर मीही हेच लिहीन. सॉफ्टवेअरचं काही चुकलं नव्हतं. त्याला आजी माहीत नव्हती, एवढंच.

तिसऱ्या रात्री एक प्रयोग केला, तो तुम्हीही करून बघा. मूळ फोटोतून साफ केलेला फोटो वजा करायचा. उरतं ते सॉफ्टवेअरने फेकलेलं सामान. २००५ मध्ये ब्युआडेस, कोल आणि मोरेल या तिघांनी नॉन-लोकल मीन्स ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी हीच कसोटी वापरली होती. फेकलेल्या कचऱ्यात नुसती वाळू दिसली तर काम चोख. त्यात आकृती दिसली तर समजा की कचऱ्याबरोबर भांडंही फेकलंय. मी पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या, वजाबाकी आठ पटीने उजळ केली. करड्या वाळूत आजीच्या भुवयांची अर्धी रेघ होती, सुरकुत्या होत्या, आणि खाली हनुवटीशी ठिपक्यांचा पुंजका होता. कचऱ्याच्या डब्यात वाकून बघावं आणि घरातली वस्तू दिसावी, तसं झालं.

पण पुंजका म्हणजे नक्की किती ठिपके? इथे खरी पंचाईत झाली. वाळूत मिसळलेले, कधी चार वाटायचे, कधी सहा. बाबांना फोन केला. “तीन होते. नक्की तीन.” आत्याला केला. “पाच, अगं पाच! तीन कुठले?” काका म्हणाले, “कपाळावर होते ना?” आणि मी, जिने ते स्वतःच्या हाताने पावडरीखाली घातले, मलाही सांगता येईना. ज्या बाईच्या हातचं आम्ही सगळे जेवलो, तिच्या चेहऱ्यावर किती ठिपके होते हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या रात्री मला सॉफ्टवेअरचा राग यायचा बंद झाला.

चौथ्या रात्री ट्यूब पेटली. काकांनी बटण दाबून धरलं होतं! त्यांच्याकडून आणलेल्या फोल्डरमध्ये एक नाही, सात फोटो होते. एकात डोळे मिटलेले, राहिले सहा. आणि सहाही फोटोंत आजी तसूभरही हललेली नव्हती. कारण तिच्या मते ‘फोटूत हलायचं नसतं’. तिच्या तरुणपणीचा एकमेव फोटो गावातल्या स्टुडिओत काढलेला, तिथल्या माणसाने श्वास रोखायला सांगितलेलं. ते तिने जन्मभर पाळलं. आम्ही तिला हसायचो.

आता गणित बघा. नॉइज दर फोटोत नवीन असतो, कारण पावसाचे थेंब दर वेळी वेगळे पडतात. गोंदण मात्र जागचं हलत नाही. सहा फोटो एकमेकांवर बरोबर बसवून सरासरी काढली, तर नॉइज सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ अडीच पटीने कमी होतो आणि खरं ते तसंच राहतं. कुठलाही पूर्वग्रह नको, लाखो चेहरे नकोत. डोळ्यांचे कोपरे आणि नाकातली चमकी खुणेला धरून सहा चेहरे जुळवले, बेरीज केली, सहाने भागलं. चौथीतलं गणित!

मागे ताट घेऊन जाणारा चुलतभाऊ सहा अर्धवट भुतांसारखा दिसत होता. पण आजी स्वच्छ होती. कातडीला कातडीचा पोत होता. आणि हनुवटीवर चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. पाच.

पुढचं सोपं होतं. चेहरा आणि हात सरासरीतले घेतले, त्यावर अगदी थोडा हात फिरवला. मागचा अंधार, भिंत, चुलतभाऊ हे एका फोटोतून त्याच सॉफ्टवेअरने साफ केलं, आणि तिथे त्याने काम उत्तम केलं हेही सांगायला हवं. थोडा रवा मी मुद्दाम ठेवला. लांबून बघितलं की आपला डोळाच त्याची सरासरी काढतो.

प्रिंट काढायला गेले तर स्टुडिओवाले काका चष्मा वर करून म्हणाले, “फोटो जरा रवाळ आहे. चेहरा स्मूथ करून देऊ का? पैसे नाही घेणार.” मी इतक्या जोरात ‘नको’ म्हणाले की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

वर्षश्राद्धाला आजीची धाकटी बहीण आली होती. आमच्या मावशीआजी, वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या. माझ्या पोटात कालवाकालव, व्हायव्हाला होते तशी. त्यांनी बोट काचेला लावलं आणि मोजायला लागल्या. “येक, दोन, तीन, चार... पाच. हाय. समदं हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मधला ठिपका गोंदताना लई रडली हुती. मी शेजारीच बसले हुते.” बाबा मागे उभे होते. त्यांनी तीनचा हट्ट सोडला असावा, कारण ते काहीच बोलले नाहीत. फोटोला हार घालताना तेवढा त्यांनी तो जरा वर सरकवून घातला, हनुवटी झाकू नये म्हणून.

तर मित्रमैत्रिणींनो, माझ्या चार रात्रींचं सार घ्या. मूळ फाईल आणि साफ केलेली मोठी फाईल, दोन्ही जपून ठेवा. जुन्या व्हर्जनचा इन्स्टॉलर लगेच पुसू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. साफ झालेला फोटो बघाच, पण काय फेकलं गेलं तेही एकदा वजाबाकी करून बघा. आणि ज्याचा फोटो आहे त्याला ओळखणारं माणूस जवळ असेल तोवर त्याला विचारून घ्या. मला विचारायला एक वर्ष उशीर झाला होता. मावशीआजी होत्या म्हणून निभावलं.

हा लेख टाईप करत असतानाच खाली कोपऱ्यात ती खिडकी पुन्हा उघडली आहे. अपडेट अव्हेलेबल.

रिमाइंड मी लेटर.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन